डावा कान

दारात पाहुणा आला की बाळासो अजूनही ताठ व्हायचे. एरवी दिवसभर खुर्चीत अंग चोरून बसलेला माणूस, शर्टाची बटणं भलत्याच काजांत लावलेली. पण उंबऱ्यावर परकी चप्पल वाजली की हात आपसूक डोक्याकडे जायचा, फेटा सारखा करायला. फेटा डोक्यावर नसायचा, तरी जायचा. मग घसा साफ करून ते म्हणायचे, “या पावणं. गाव कंचं?”

समोरच्यानं गावाचं नाव घेतलं की तो सापडलाच. त्या गावची तालीम, तिथला वस्ताद, जत्रेचं मैदान, कोणी कुणाला ढाकेच्या डावावर मारलं आणि कोण एकचाक डावावर आडवा झाला, सगळं पुराण सुरू व्हायचं. पाहुणा चहा निवेपर्यंत ऐकत राहायचा आणि जाताना म्हणायचा, या वयात काय ही स्मरणशक्ती.

पाहुण्याला स्वयंपाकघराचं दार दिसत नसे, एवढाच त्यातला घोळ होता. त्या दाराआड, बाळासोंच्या डाव्या हाताला, बयाबाई उभ्या असत. नवरा नावापाशी अडला की त्याचा डावा कान किंचित दाराकडे वळायचा, आणि बयाबाई पदराआडून नावाचं पहिलं अक्षर सोडायच्या. कधी अक्षरानं भागायचं, कधी अख्खं नाव सांगावं लागायचं. अलीकडे अख्खंच सांगावं लागत होतं.

हे आजचं नव्हतं. बाळासो बाजार समितीत तोलाईचं काम करायचे, पण कोल्हापुरात त्यांना ओळखलं जायचं ते कुस्तीचे निवेदक म्हणून. खासबाग मैदान असो की बिद्रीकडची जत्रा, माईक बाळासोंच्या हातात. पैलवान, त्याचं गाव, बाप, वस्ताद, मागच्या मैदानात कुणाला अस्मान दाखवलं, हे सगळं ते हातात चिठ्ठी न घेता सांगायचे. चिठ्ठीचा त्यांना राग होता. वाचलेलं कागदावर राहतं आणि ऐकलेलं कानात, असं त्यांचं मत. म्हणून मैदानाच्या आदल्या संध्याकाळी बयाबाई चुलीपाशी भाकऱ्या थापता थापता कुस्त्यांच्या यादीतली एकेक जोडी सांगायच्या आणि बाळासो चुलीकडं डावी बाजू करून पाटावर बसायचे. ती नाव सांगायची, तो त्याला आवाज चढवायचा. पिठाच्या हातानं सांगितलेलं साधं नाव त्याच्या तोंडून असं निघायचं की शेजारच्या घरातली माणसं जेवण सोडून दारात यायची. भाकरी करपायची कधीमधी. ती करपलेली भाकरी तो मुकाट्यानं खायचा, कारण गुन्हा त्याचाच असायचा.

बायकांनी मैदानात जायची तेव्हा रीत नव्हती. बयाबाई मंगळवार पेठेतल्या त्यांच्या माळवदावर उभ्या राहायच्या. वारा इकडचा असला की हलगी ऐकू यायची आणि पाठोपाठ नवऱ्याचा आवाज. मधेच एखाद्या नावाआधी तो थांबायचा. हजारो माणसांना वाटायचं, काय रंगवतोय गडी. तो रंगवत नाही, अडलाय, हे अख्ख्या शहरात एकट्या बयाबाईंना कळायचं. मग त्या कठड्याशी उभ्या राहून वाळत घातलेल्या मिरच्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणायच्या, “उदयसिंह. बिद्री.” आणि क्षणभरानं कर्ण्यातून गर्जना यायची, “बिद्रीचा ढाण्या वाघ, उदयसिंह!” आपलं कुजबुजणं तिथवर पोचत नाही, हे बयाबाईंना समजत होतं. तरी त्यांनी एकही मैदान चुकवलं नाही.

एक गोष्ट मात्र मनात राहून गेली होती. अर्ध्या जिल्ह्याची नावं त्या आवाजात निघाली, त्यांचं कधी निघालं नाही. “अगं”, “ऐकलंस का”, “आमच्या घरात”, यावर चाळीसहून जास्त वर्षांचा संसार झाला. नवरा-बायकोनं एकमेकांचं नाव घ्यायचं नाही अशी दोघांच्याही घरची शिस्त. तरुणपणी माळवदावर त्यांना एकदा वाटून गेलं होतं की त्या कर्ण्यातून एकदा आपलंही नाव यावं. लगेच स्वतःचीच लाज वाटून त्या खाली आल्या होत्या.

आता माळवदावर जाणंच बंद झालं होतं. दोन्ही गुडघे गेले होते. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं की वाटी बदलायची ती आता, नाहीतर पुढच्या वर्षी या बाई जागच्या उठणार नाहीत. आणि ऑपरेशननंतर दोन-तीन महिने धावपळ बंद. पण बाळासोंना दिवसभर कोण बघणार? मागच्याच महिन्यात ते भर दुपारी खासबागेच्या फाटकाशी सापडले होते. मैदान रिकामं, फाटकाला कुलूप, आणि हे माईक कुठं ठेवलाय म्हणून विचारत होते. मुलगा आदर्श शिरोलीच्या कारखान्यात पाळीनं जाई. सून स्वप्नाली एका दवाखान्यात रक्त तपासायच्या कामावर, तेही कंत्राटी; लांब रजा म्हणजे घरी बसणं. तरी तिनं “मी सोडते नोकरी” असं दोनदा म्हटलं होतं. बयाबाईंनी दोनदा तिला गप्प केलं होतं.

तेवढ्यात ते केंद्र निघालं. सरकारी अनुदानावर चालणारं, म्हाताऱ्या माणसांना दिवसभर सांभाळणारं. सकाळी गाडी घरून नेणार, संध्याकाळी आणून सोडणार. दुपारी गरम जेवण, औषधाच्या वेळा बघायला नर्स, पायऱ्यांऐवजी उतरती वाट, न्हाणीत धरायला दांड्या. गल्लीनं त्याचं लगेच “म्हाताऱ्यांची बालवाडी” असं बारसं केलं. हसणाऱ्यांतल्या दोघांनी गुपचूप अर्जही नेले.

पण अनुदान म्हटलं की अटी आल्या. जागा मोजक्या. वय, रेशनकार्ड, डॉक्टरांचा दाखला हे तर झालंच. खरी अट पुढची होती. जो धडधाकट आहे त्यानं विरंगुळा केंद्रात जाऊन पत्ते खेळावेत, त्याला इथं जागा नाही. जो अंथरुणालाच खिळलाय त्याला सांभाळायची इथं सोय नाही. मधल्यांसाठी हे केंद्र. रोजच्या व्यवहारात ज्याला दुसऱ्याच्या मदतीवाचून चालत नाही, असा माणूस. आणि ते ठरवायला केंद्राची बाई घरी येऊन त्याला समक्ष बघणार.

बाई आली. क्रांती नाव, वयानं स्वप्नालीएवढी, बोलायला गोड. बाळासोंनी हात डोक्याकडे नेला आणि गाव विचारलं. ती कागलची निघाली. मग काय, बाळासोंनी कागलचं मैदान असं उभं केलं की क्रांतीचे प्रश्न मांडीवरच राहिले. तिनं मधेच कसाबसा वार विचारला, बाळासोंचा कान दाराकडे वळला आणि उत्तर आलं, “बेस्तरवार की.” सकाळी काय खाल्लं? “पोहं. आणि वर ताक.” नातीचं नाव? “अवंतिका. लय वांड हाय.” क्रांतीनं हसून सगळं टिपून घेतलं. बयाबाईंनी तिला धपाटे खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही. ती गेल्यावर त्या समाधानानं टेकल्या. पाहुण्यांपुढं घराची अब्रू राहिली होती.

आठवड्यानं निरोप आला. बाळासोंना जागा मिळणार नव्हती. त्यांची स्मरणशक्ती उत्तम असून ते विरंगुळा केंद्रात आनंदानं रमतील, असं केंद्राचं म्हणणं.

स्वप्नाली कामावरून आली, तिनं निरोप वाचला आणि पर्स खुर्चीत टाकली. ती सासूवर आवाज चढवणारी नव्हती. त्या दिवशीही चढवला नाही.

“आत्ती, परीक्षा मामांची हुती,” ती म्हणाली. “पेपर तुम्ही लिवला.”

बयाबाईंच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. चाळीसहून जास्त वर्षं जे केलं ते त्यांनी त्या दिवशीही केलं होतं; नवरा अडला, त्यांनी सांगितलं. पापणी लवते त्याचा कोण हिशेब ठेवतो. पण सून म्हणत होती ते खरं होतं. नवऱ्याला सावरता सावरता त्यांनी त्याची जागा घालवली होती, आणि सोबत स्वतःचे गुडघेही.

स्वप्नालीनं क्रांतीला फोन करून सगळं खरं सांगितलं. क्रांतीनं एकदा फेरतपासणीची सोय असते असं सांगितलं. मात्र या वेळी घरच्या माणसानं समोर बसायचं, दाराआड नाही. आणि काहीही झालं तरी बोलायचं नाही.

“मी गप बसतो की,” बयाबाई म्हणाल्या. म्हणायला सोपं होतं.

मधले दिवस त्यांना वाईट गेले. पाहुण्यांपुढं नवऱ्याला उघडं पाडायचं, हे त्यांच्या पचनी पडेना. ज्या माणसाचं नाव घेतलं की मैदान उठून उभं राहायचं, त्याचे हाल आता परक्या पोरीनं बघायचे आणि आपण तोंडाला कुलूप लावून बसायचं. दोनदा त्यांच्या मनात आलं की नको ते ऑपरेशन. सरपटत काढू दिवस. पण परवाच बाळासो न्हाणीत आतून कडी लावून बसले होते आणि कडी काढायची कशी हेच त्यांना सुचेना. बाहेर बयाबाईंना वाकता येईना, आत त्यांना उठता येईना. आदर्श येईपर्यंत दोघं दाराच्या दोन बाजूंना जमिनीवर बसून राहिली. ती आठवण झाली की बयाबाईंचा निश्चय परत घट्ट व्हायचा.

क्रांती दुसऱ्यांदा आली तेव्हा बयाबाई नवऱ्याच्या समोरच्या खुर्चीवर बसल्या होत्या, पदराचं टोक तोंडात धरून. स्वप्नाली भिंतीला टेकून उभी होती.

बाळासोंना क्रांती आठवत नव्हती. त्यांनी हात डोक्याकडे नेला. “या पावणं. गाव कंचं?”

“कागल,” क्रांती म्हणाली.

“कागल.” त्यांचा चेहरा उजळला. “कागलला लय मोटं मैदान. त्या साली कागलला...” आणि ते थांबले. डावा कान स्वयंपाकघराच्या दाराकडे वळला. दारातून काही आलं नाही. ते थांबून राहिले, अगदी विश्वासानं, एसटी येणारच आहे अशा खात्रीनं थांब्यावर उभं राहावं तसे. “कागलला... लय गर्दी,” ते पुन्हा म्हणाले, आणि आवाज विझला.

बयाबाईंच्या ओठावर नाव आलं होतं. नुसतं पहिलं अक्षर सांगितलं असतं तरी गाडी सुटली असती. त्यांनी पदर दातांत आवळला. हे एवढं अवघड काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं, बाळंतपणंसुद्धा त्यापुढं सोपी.

क्रांतीनं आज वार कोणता विचारलं. बाळासो खिडकीकडे बघत राहिले. सकाळी काय खाल्लं, या प्रश्नावर त्यांनी उजव्या हाताची बोटं नाकाशी नेऊन वास घेतला. “कायतरी चांगलंच हुतं,” ते म्हणाले आणि ओशाळं हसले. स्वप्नालीनं तोंड फिरवलं. सुटलेलं बटण लावायला सांगितलं, तर ते बराच वेळ त्या बटणाशी झटापट करत राहिले आणि शेवटी शर्टाची कड नुसती मुठीत धरून बसले, कुणाला दिसू नये म्हणून.

क्रांतीनं आवाज खाली आणला. तिलाही हे संपवायचं होतं, हे दिसत होतं. बयाबाईंकडे हात करून तिनं विचारलं, “आणि बाबा, ह्या कोण?”

बाळासोंनी बायकोकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. बयाबाईंना वाटलं, आता हे म्हणणार, आमच्या घरातली. एवढं तरी म्हणणार.

“हिलाच इचारा की,” बाळासो म्हणाले. “मला सगळं हीच सांगती.”

क्रांतीनं पेन बंद केलं आणि झालं म्हणून सांगितलं. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत बयाबाई उठल्या, दुखऱ्या गुडघ्यांनी नवऱ्याच्या डाव्या बाजूला गेल्या आणि खुर्चीची पाठ धरून त्याच्या कानाशी म्हणाल्या, “उदयसिंह. बिद्री.” बाळासोंची मान वर झाली. मुठीतली शर्टाची कड सुटली. मग बिद्रीच्या उदयसिंहानं कागलच्या मैदानात काय केलं ते क्रांतीला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावं लागलं. तिला पुढं दोन घरं करायची होती, तरी ती हलली नाही. आणि जेवल्याशिवाय तिला जाऊही दिलं नाही.

जागा मिळाली. ऑपरेशनची तारीखही ठरली.

पहिल्या दिवशी सकाळी पांढरी गाडी गल्लीच्या तोंडाशी लागली. आत चढायला खाली येणारी फळी, बाजूला धरायला दांडी. आत एक म्हातारा आधीच बसला होता, पांढऱ्या टोपीतला, दोन्ही हात काठीवर. बाळासोंना स्वप्नालीनं फेटा बांधून दिला होता. गल्लीतली माणसं उगाच दारात आली होती, पण बालवाडीचा विनोद त्या दिवशी कोणी केला नाही.

केंद्राची मदतनीस बाई खाली उतरली. सोडणाऱ्याचं नाव नियमानं विचारावं लागतं म्हणून तिनं बयाबाईंना नाव विचारलं. “बयाबाई,” त्या म्हणाल्या, आणि तिचा हात धरून तिला जरा बाजूला घेतलं. गोळ्यांचं, पथ्याचं सगळं स्वप्नालीनं आधीच सांगितलं होतं. बयाबाईंना सांगायचं होतं ते कुठल्याही अटीत बसणारं नव्हतं.

“ह्यांच्या डाव्या बाजूला बसायचं,” त्या म्हणाल्या. “कान वळीवला की समजायचं, अडल्यात. हळूच नाव सांगायचं. म्होरं येऊन न्हाय, मागनं. लोकास्नी कळाय नको.”

मदतनीस बाई बिचारी गोंधळली. तिला पैलवानांची नावं कुठली ठाऊक असणार, असं ती म्हणाली.

“खरं नाव पायजेच असं न्हाय,” बयाबाई म्हणाल्या, आणि स्वप्नालीला ऐकू जाणार नाही इतका आवाज खाली आणला. “मीबी हल्ली इसारतो. मग कुणाचंबी ठोकून देतो. पर अडकू द्यायचं न्हाय.”

बाईनं मान हलवली आणि ती वर चढून बाळासोंच्या डाव्या हाताला बसली. गाडीचं इंजिन सुरू झालं. बाळासोंनी फेट्याला हात लावला. आज तो खरोखर डोक्यावर होता. ते शेजारच्या म्हाताऱ्याकडे वळले.

“काय पावणं. गाव कंचं?”

“वाडी. नृसिंहवाडी,” म्हातारा म्हणाला.

“वाडी,” बाळासो म्हणाले. “वाडीच्या मैदानात, त्या साली, शेवटच्या जोडीला...” आणि अडले.

खिडकीबाहेर उभ्या बयाबाईंना तो कान वळताना दिसला. त्यांचे ओठ हलले, पण गाडीची काच बंद होती. आत मदतनीस बाई गडबडली. तिला एकही पैलवान ठाऊक नव्हता. या माणसाच्या संबंधात तिला ठाऊक असलेलं एकच नाव होतं, नुकतंच विचारून घेतलेलं. तिनं वाकून तेच त्यांच्या डाव्या कानात सांगितलं.

बाळासोंची छाती फुगली. आणि माईक नसताना, बंद काचेतून, इंजिनाच्या घरघरीवरून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा तो जुना आवाज उठला.

“मंगळवार पेठेची... बयाबाई!”

गल्लीत दारादारांत उभी राहिलेली माणसं जिथल्या तिथं थांबली. स्वप्नालीनं तोंडावर हात ठेवला. शेजारच्या म्हाताऱ्यानं काठीवर हनुवटी टेकून मान डोलावलेली दिसली. बघितलीय मी ती कुस्ती, असंच काहीसं तो म्हणत असावा. बाळासो पुढं सांगतच होते, हात वर करून, पण गाडी हलली आणि पुढचे शब्द ऐकू आले नाहीत.

बयाबाई भिंतीला धरून उभ्या होत्या. डोळे पुसायचंही त्यांच्या ध्यानात आलं नाही. गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर स्वप्नाली त्यांना आत न्यायला आली, तर त्या म्हणाल्या, “थांब जरा. ऐकू दे.”